नावेवरचा पहारा

या. असे जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या. कीर्तनाला बसतात तसं बसा, मांडीला मांडी लावून.

आज एक गोष्ट सांगतो. ऐकून कुणी म्हणेल, रचलेली आहे. म्हणू द्या. मी माळकरी माणूस आहे. गळ्यात तुळस घालून खोटं बोलायचं नसतं, एवढं तरी मला कळतं.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची. तातेराव त्यांचं नाव. वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेला त्यांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरणीची इंजिनं, जे बंद पडेल ते मामांकडं यायचं.

साल चौऱ्याहत्तर. माघ महिना. अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत.

त्या गावच्या सप्त्याची पहिली रात्र होती.

त्या रात्री मामांचा जीव एका पत्र्याच्या दारावर अडकला होता. दार उघडं राहिलं असतं, तर मामा राहणार होते. दार लागलं असतं, तर...

आणि ते दार मामा स्वतःच्या हातानं लावत होते.

पुन्हा पुन्हा.

आधी सप्त्याचं सांगतो. सात दिवस अखंड नामस्मरण. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं समोर यायचं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात. घ्यायला कुणी आलंच नाही, तर आधीच्यानं तसंच उभं राहायचं. पाय मोडले तरी.

हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मंडप नदीच्या वाळूत पडायचा. तिथं वीज कुठली? म्हणून डिझेलवर चालणारा जनरेटर आणला. पहिल्या साली तो मंडपाच्या मागं ठेवला, तर त्याच्या धडधडीत महाराजांचा अभंग ऐकू येईना. टाळ वाजतायत का इंजिन, काही कळेना.

मग सप्त्याचे पुढारी सर्जेराव यांनी डोकं लढवलं. पुलाच्या कामाला आलेली एक मोठी लाकडी नाव काठाला बेवारस पडली होती. तिच्यावर पत्र्याची खोली उभी केली. खोलीत जनरेटर बसवला. नाव डोहाच्या मधोमध नांगरली आणि बांबूंवरून वायर काठाला आणली. तरी थोडा आवाज यायचाच. मग पत्र्यावर भिजवलेली गोणपाटं टाकली. कीर्तन सुरू झालं की आतल्या माणसानं दार लावून घ्यायचं, असं ठरलं.

काठावर नुसता उजेड. आवाज नाही.

लोक हात जोडायचे. म्हणायचे, देवाघरचा उजेड आहे.

सर्जेराव मामांच्या दुकानात आले तेव्हा मामा एका इंजिनाचं पोट उघडून बसले होते.

"मिस्त्री, सात दिवस यायचं. मशीन तपासायची, रातीला चालवायची. चहा, जेवण बराबर मिळंल."

"मागल्या साली कोण हुतं?"

"होता एक निजामोद्दीन म्हणून. बदनापूरकडचा."

"मंग यंदा त्याला का न्हाई बोलवत?"

सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढली. झटकली. परत घातली.

"त्याला दुसरीकडं काम लागलं."

मामांनी मान हलवली आणि गोष्ट तिथंच सोडली. देव मानायचे ते, पण लांबून. कीर्तनाला गेले तर खांबाला टेकून झोपायचे. पण मशीन म्हटलं की त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

घरी उषामामीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण.

"नदीवर चालले व्हय?" मामी म्हणाल्या. "परत या म्हंजे झालं."

"सासरी चाललो का मी? सकाळी येतो की."

डोहाकाठी सोनूबाई होडी घेऊन उभी होती. गावची होडी तीच चालवायची. वय झालेलं, पण वल्हं मारताना दंडाची दोरी दिसायची. जीभ वल्ह्यापेक्षा तेज.

"मधोमध बसा, मिस्त्री. कडंला बसले तर तुम्ही हिकडं अन् पेटी तिकडं."

"मावशी, पोहता येतं मला."

"पेटीला येतं का?"

मामा हसले. दोन्ही हातांनी पानं-पकडीची पेटी धरून मधोमध बसले.

डोहाचं पाणी हिरवंकाळं. समोर ती नाव. हलत नव्हती. पाण्यावर ठेवल्यासारखी नुसती उभी होती.

"मागल्या सालचा तो निजामोद्दीन," मामांनी विषय काढला, "कसा हुता गडी?"

"चाचा व्हय? लई गुणी माणूस. त्या मशीनच्या आवाजात बिचाऱ्याला कीर्तनातलं अक्षर ऐकू यायचं न्हाई. मी भाकर घेऊन गेले की पहिलं इचारायचे, सोनूबाई, महाराज आज क्या बोले? मंग मी सांगायचे. अर्धं महाराजांचं, अर्धं माझं. ते डोळे मिटून ऐकायचे. अन् पाना घेऊन त्या पाण्याच्या टिपाडावर ताल धरायचे. टंग... टंग..."

"मुसलमान माणूस अन् कीर्तनाचं याड?"

"याड काय जात इचारून लागतं का, मिस्त्री?"

मामा म्हणाले, "आता कुठं असतात ते?"

सोनूबाईचं वल्हं पाण्यातच थांबलं.

"सर्जेरावाला इचारलं न्हाई?"

"दुसरीकडं काम लागलं म्हणाले."

"हां... तसंच म्हणा."

होडी नावेला लागली. मामा चढले. खालून सोनूबाईनं पेटी वर दिली, पण तिचा एक हात पेटीवरून सुटेना.

"मिस्त्री, एक ऐका. दार लावू नका."

"का?"

"आत लई उकडतं."

माघाचा महिना होता. नदीवर बोचरं वारं सुटलं होतं. मामांनी अंगावरचं घोंगडं आवळून घेतलं आणि तिच्याकडं पाहिलं. ती होडी वळवून निघूनही गेली होती.

वर्षभर बंद असलेलं मशीन कसं असतं, ते मामांना पाठ होतं. गंजलेले नट. कोळ्याची जाळी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. त्यांनी मनाची तयारी करून पत्र्याचं दार ओढलं.

आत...

एक जाळं नव्हतं.

इंजिन पुसलेलं. डायनामो पुसलेला. मधला पट्टा ताणून बसवलेला, जसा हवा तसा.

मामांनी ऑइल बघायची काडी ओढली. जुनं ऑइल काळं डांबर झालेलं असतं. काडीवर आलं ते...

मधासारखं. स्वच्छ.

नावेवर बसवलेल्या मशीनचे पायातले नट ढिले होतातच. नाव हलते, मशीन हलते, नट सुटतात. मामांनी एकेकाला पाना लावला. सगळे गच्च. वायरी तपासल्या. अर्थिंगची तार पाण्यात सोडलेली होती, तिचा जोड चकचकीत घासलेला. थंड करायच्या पाण्याचं टिपाड काठोकाठ भरलेलं. टिपाडावर एक पाना. पान्याखाली घडी घातलेलं फडकं.

मामांनी फडकं उचललं. बोटांना डिझेल लागलं.

फडकं ओलं होतं.

फक्त डिझेलची टाकी कोरडी. ठणठणीत कोरडी. बाकी सगळं कुणीतरी काल रात्रीच हात फिरवून ठेवल्यासारखं.

"सर्जेरावानं आधीच माणूस लावला वाटतं," मामा स्वतःशी बोलले. जरा मोठ्यानंच बोलले.

त्यांना एकच खोट सापडली. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा जोड जळाला होता. तिथून काळा ओघळ छतावर गेलेला, छतावरून भिंतीवर उतरलेला. सगळी खोली आतून काजळलेली. मामांनी जोडावर दोरी गुंडाळली, वरून पत्र्याची पट्टी आवळली. आजच्यापुरतं धकेल, उद्या दुकानातून नवा जोड आणू.

मग ते मागं वळले.

समोरच्या काळ्या पत्र्यावर एक जागा मात्र काळी नव्हती. खाली रुंद. वर अरुंद. त्यावर एक गोल.

पाठ टेकून बसलेल्या माणसाएवढी.

दिवेलागणीला सर्जेराव नारळ आणि डिझेलचा डबा घेऊन होडीतून आले. नारळ त्यांनी बाहेर फळीवरच फोडला. हळद-कुंकू मामांच्या हातात दिलं.

"तुम्हीच लावा मशीनला."

"या की आत."

"नको. माझ्या पायाला चिखल हाये."

मामांनी पाहिलं. पाय कोरडे होते.

"मिस्त्री, मी काठावरून कंदील वर केला की दार लावून घ्यायचं. अभंग सुरू झाला असं समजा."

"आत धूर हुतोय थोडा. उघडं ठेवलं तर?"

"मंग माणसं कीर्तन ऐकायला आली का इंजिन ऐकायला, ते तुम्हीच सांगा. मोठे महाराज आलेत, मिस्त्री. गावाची इज्जत हाये."

ते गेले. मामांनी डब्यातलं डिझेल टाकीत ओतलं, हँडल मारलं. डग... डग... डगडगडगडग. काठावर एकदम दिव्यांची माळ पेटली. मंडपातून "पुंडलिक वरदे" असा गजर उठला, पण मामांना तो दिसला फक्त. शेकडो हात वर गेलेले दिसले. आवाज मशीननं गिळला.

वीणेकरी उभा राहिला. टाळकरी दोन रांगांत उभे राहिले. मग काठावर कंदील वर झाला.

मामांनी दार लावलं. आतून कडी घातली.

थोडा वेळ गेला. मामा टाकीची पातळी बघत होते. अचानक मानेवर गार वारं आलं.

वळून पाहिलं तर...

दार उघडं.

कडी खाली लोंबत होती. मशीनच्या थरथरीनं पडली असेल. काठावर कंदील वरखाली होत होता, सर्जेराव कावलेले दिसत होते. मामांनी दार लावलं, कडी घातली, कडीच्या भोकात एक बोल्ट अडकवला.

"आता हलून दाखव," ते दाराला म्हणाले.

मग ते पट्ट्याला हात लावून बघायला वाकले. उठले. पुन्हा मानेवर गार वारं.

दार सताड उघडं.

बोल्ट कुठं पडला म्हणून मामांनी खाली शोधलं. फळ्यांवर नव्हता. मशीनखाली नव्हता. मग टिपाडाकडं लक्ष गेलं.

बोल्ट टिपाडावर होता.

घडी घातलेल्या फडक्यावर. पान्याच्या शेजारी. नीट ठेवलेला.

मामांच्या अंगावर काटा आला. पण माणूस हट्टी. हे सोनूबाईचे खेळ असतील, म्हणाले. म्हातारी होडी लावून बसली असेल बाहेर. त्यांनी बाहेर डोकं काढलं. चहूकडं काळं पाणी. होडी लांब काठाला बांधलेली. आणि आतली कडी बाहेरून काढणार तरी कशी?

काठावर कंदील वेड्यासारखा हलत होता.

मामांनी तार घेतली. कडीतून ओवली. पकडीनं पिळली. पुन्हा पिळली. पीळ तुटायला येईपर्यंत पिळली.

दार लागलं.

आता वारं बंद झालं. आत ऊब आली. थंडीत बरं वाटलं. मामांनी घोंगडं बाजूला टाकलं आणि पाठ टेकली.

पाठ बरोबर बसली.

डोकंही बरोबर बसलं.

मग लक्षात आलं, आपण कुठं टेकलोय. उठावं असं वाटलं. उठणं झालं नाही. डोकं जड झालं होतं. पायांत जीव नव्हता. पण भीती वाटत नव्हती. उलट गोड गुंगी येत होती. उषामामी डोळ्यांपुढं आल्या. झोपू या जरा, मग जाऊ, असं मामांनी त्यांना मनातच सांगितलं.

मशीनचा आवाज लांब जायला लागला. लांब... आणखी लांब...

आणि कीर्तन ऐकू यायला लागलं.

पखवाजाची थाप. टाळांचा झणकार. महाराजांचा एकेक शब्द, कानाशी बोलल्यासारखा. खांबाला टेकून झोपणारा माणूस, पण मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढं आयुष्यभर म्हणायचे, तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं न्हाई.

त्या गोडीतच त्यांच्या मनात आलं...

मशीन चालू असताना कीर्तन ऐकू येईल कसं?

त्यांनी डोळे उघडले.

मशीनचं मोठं चाक थांबलेलं होतं. पट्टा थांबलेला होता.

आणि डोक्यावरचा बल्ब जळत होता.

टंग...

टिपाडातून आवाज आला.

टंग... टंग...

पखवाजाच्या तालावर. अगदी बरोबर समेवर. टिपाडाजवळ कुणी नव्हतं. मामांना वाटलं, वाजू दे. चांगलं वाजतंय. डोळे पुन्हा मिटायला लागले.

तेवढ्यात ताल चुकला.

टंग टंग. टंग टंग टंग. मग ताल राहिलाच नाही. नुसते घाव. टिपाड फुटेल असे घाव. आणि मामांच्या अगदी कानाजवळ कुणीतरी खोकलं. छाती फाटेल असं खोकलं.

मामा आडवे पडले. ओणवे झाले. कोपरांवर सरपटत दाराकडं निघाले. दाराला तर तार पिळलेली. पकड कुठं होती, आठवेना. मामांनी हात वर केला...

तार सरळ लोंबत होती.

बंडलातून आताच काढल्यासारखी. एक पीळ नाही.

दार आपसूक मागं सरलं. मामा फळ्यांवर कोसळले. ओकले. गार वारं आत गेलं तसं छातीत सुऱ्या फिरल्या. किती वेळ पडून होते, त्यांनाच माहीत नाही.

डोकं उचललं तेव्हा काठावर सगळे दिवे जळत होते. कीर्तन रंगात आलेलं होतं.

मशीन बंद.

मामांनी दारातून हात आत घालून इंजिनाला लावला. आत्ताच थांबलेलं इंजिन हात भाजतं. हे इंजिन...

गारठलेल्या दगडासारखं होतं.

आणि मग त्यांना जाणवलं, नाव एका अंगाला कललेली आहे. खोलीकडच्या अंगाला. मामा तर अलीकडं होते. पलीकडं, त्या भिंतीशी, कुणीतरी बसल्याशिवाय नाव अशी कलत नाही.

काठावर वीणेकऱ्यासमोर दुसरा माणूस येऊन उभा राहिला होता. दोघं एकमेकांच्या पाया पडत होते. या गळ्यातली वीणा त्या गळ्यात जात होती.

मामा त्या दोघांकडं बघत राहिले. मग रिकाम्या खोलीकडं वळले.

"चाचा..."

टिपाडाचा आवाज थांबला.

"निजामचाचा, उठा आता. लई बसले. माझा पहारा हाये."

आणि त्यांनी फळीला डोकं टेकलं.

नाव हलली. जड माणूस उठताना हलते तशी. हळूहळू सरळ झाली.

त्याच क्षणी काठावरचे सगळे दिवे गेले.

अंधारात "अरे, अरे" असा गलका उठला. बायका पोरांना हाका मारायला लागल्या. मामांनी छातीत वारा भरून घेतला, श्वास कोंडला, आत गेले, हँडल मारलं. एकदाच. डगडगडगडग. दिवे आले. हात इंजिनाला लागला आणि भाजला. आत्ता बंद पडलेलं इंजिन जसं भाजतं, तसा.

मग ते बाहेर बसले. उघड्या दारात. काठावर कंदील नाचत होता. मामांनी तिकडं पाहिलं नाही. आरती होईपर्यंत मान वळवली नाही.

आरती संपली तशी होडी आली. सोनूबाई वल्ह्यावर, सर्जेराव पुढं उभे.

"काय लावलंय मिस्त्री हे? दार सारखं उघडून राह्यले! अर्ध्या लोकांनी..."

कंदिलाचा उजेड मामांच्या तोंडावर पडला. सर्जेरावांनी कंदील खाली घेतला.

"खरं सांगा," मामा म्हणाले. "चाचा कुठं गेले?"

सोनूबाईनं वल्हं आडवं ठेवलं.

"सांगू नको म्हणून माळंवर हात ठेवाया लावला हुता मला यांनी. नवा माणूस भेईल म्हणून. आता सांगते. मागल्या सप्त्याची शेवटली रात. आरती झाली अन् दिवे आपलेआप गेले. मी भाकर घेऊन आले. दार आतून लावल्यालं. हाका मारल्या. मंग मोडलं दार. चाचा बसल्याले, भिंतीला पाठ टेकून. अंग लाकडावाणी कडक. लई आधी गेल्ते ते, मिस्त्री. कीर्तन सुरू झालं तव्हाच गेले असतील. टाकी कोरडी, मशीन थंडगार. अन् आम्ही तिकडं उजेडात आरती करून राह्यलो हुतो."

"लोकं म्हणाले छाती बंद पडली," सर्जेराव हळूच म्हणाले. "मीबी तेच धरून बसलो."

"छातीनं न्हाई. धूर कोंडून."

सर्जेराव फळीवर मटकन बसले. कंदील त्यांच्या हातातच होता. त्याच्याकडं ते असे बघत राहिले, जसा काही तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी तो फुंकून विझवला.

दुसऱ्या दिवशी मामांनी नवा जोड बसवला. गोणपाटं काढून टाकली. बिजागऱ्या खोलून दार उतरवलं आणि काठाला होडीत चढायची फळी म्हणून टाकलं. त्या रात्री मशीनची धडधड मंडपापर्यंत आली. कुणीतरी कुरकुरलं. सर्जेराव उठून महाराजांच्या कानाशी लागले. महाराज थोडे थांबले, डोहाकडं बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वाजू द्या. तोही आपला टाळकरी आहे."

सप्ता संपला आणि उषामामीला मुलगी झाली. सुखरूप. ती माझी मामेबहीण आज नातवंडांत आहे.

मामा मात्र बदलले. दर साली त्या सप्त्याला जायचे. सोनूबाई होती तोवर तिच्या शेजारी बसायचे. पुढं मंडपात वीज आली, नाव मोडीत गेली, तरी जायचे. माझं बोट धरून मला न्यायचे. मला कीर्तनाचं वेड लागलं ते असं. कीर्तनात मामा कधी पाठ टेकून बसायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, "पहारा हाये रे." मला वाटायचं, गंमत करतायत.

शेवटी मामा अंथरुणाला लागले. वाचा अडखळत होती. उजव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी गजावर सारखं वाजायचं. घरच्यांना वाटलं, वात आहे. मी जवळ बसलो होतो. मामांनी डोळे उघडले. माझ्याकडं नाही, माझ्या मागं कुणीतरी उभं असावं तसं पाहिलं.

"कोण घेतंय?" म्हणाले. "घ्यायला कुणी आलंय का?"

खोलीत मी एकटाच जाणता होतो. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणालो, "मी घेतो, मामा."

बोट थांबलं.

घेतला खरा. पण मी नेमकं काय घेतलंय, ते मला आजही कळलेलं नाही. एवढंच सांगतो. कीर्तनाला बसलो, मंडप उजेडानं भरला, रंग चढला, की कधी कधी मागून कुठून तरी येतं...

टंग... टंग...

मी मागं वळून बघत नाही. ताल बरोबर आहे तोवर बघायचं नाही, असं ठरवलंय. ज्या दिवशी ताल चुकेल, त्या दिवशी काय करायचं, ते मात्र ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. कुठं कीर्तनाला बसलात, आणि दिवे शांत जळत असले, तर बदनापूरकडच्या निजामोद्दीनची आठवण काढा. महाराज काय बोलले, ते मनातल्या मनात त्यांना सांगा. अर्धं विसरलात तरी चालेल. सोनूबाईही अर्धंच सांगायची.